मादामला मास्तरीण करू नका

ताई,

बारावीला फ्रेंच घेतलं होतं, १०० पैकी ९४ मिळाले. पुढे पुण्यात क्लास लावून डेल्फची, म्हणजे फ्रेंचच्या सरकारी प्रमाणपत्राची, बी-१ परीक्षाही पास झाले. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेल्या वर्षी फ्रान्समध्ये ल्योंला आलो, क्रवा-रूसच्या चढावर एका जुन्या इमारतीत राहतो. पहिल्याच दिवशी बेकरीवालीने काय विचारलं ते कळलं नाही. अजूनही निम्मं डोक्यावरून जातं.

दुसऱ्या मजल्यावर एक मादाम राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, जन्मापासून ल्योंच्या. दर गुरुवारी चारला त्या मला चहाला बोलावतात, 'तुमचं फ्रेंच सुधारू या' म्हणतात. मी वही घेऊन जाते. इन्स्टाग्रामवरून उतरवलेले तीनेकशे वाक्प्रचार तिच्यात आहेत, त्यांचा अर्थ आणि उगम विचारते. त्या खांदे उडवून म्हणतात, 'असंच म्हणतात, झालं.' माझ्या चुका सुधारत नाहीत. स्वतः मात्र 'झी से पा' असं काहीतरी बोलतात, जे माझ्या व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे साफ चूक आहे. दिवाळीच्या करंज्या दिल्या तर म्हणाल्या, 'वाईट नाहीत.' एका शनिवारी सात वाजता 'आपेरो'ला बोलावलं. आम्ही जेवण समजून पावणेसातलाच हजर. ऑलिव्ह आणि शेंगदाण्यांवर साडेआठपर्यंत बसलो, मग त्यांनी मांड्यांवर हात मारून 'बों' म्हटलं आणि गप्प झाल्या. घरी येऊन खिचडी टाकली.

त्यांच्याकडून रोजचं फ्रेंच शिकायचं तरी कसं? की क्लासच बरा? आणि भेटल्यावर गालाला गाल लावायचा का, असं नवरा विचारतो.

— चौथ्या मजल्यावरची

अहो चौथ्या मजल्यावरच्या,

आधी ती वही घरी ठेवून जा. पैसे मोजूनही मिळत नाही ते तुम्हाला दोन मजले खाली मिळालंय: अस्सल ल्योंकर बाई, हाताशी वेळ असलेली, आणि तुम्ही जिला आवडता अशी. आवडता हे मी उगाच म्हणत नाही. न आवडणाऱ्या माणसाला फ्रान्समध्ये दर गुरुवारी कोणी घरात घेत नाही. आणि अशा बाईचा तुम्ही शब्दकोश करून टाकलात!

आपल्याच भाषेतलं कोडं कोणालाही धड सोडवून सांगता येत नाही. उद्या एखादी फ्रेंच मुलगी तुमच्या आईसमोर वही घेऊन बसली आणि 'अगंबाई', 'अय्या' आणि 'अरेच्चा' यांत फरक काय म्हणून विचारू लागली, तर आई काय सांगणार? असंच म्हणतात गं. पण दूध उतू गेलं की तिघांतलं नेमकं कोणतं तोंडातून बाहेर पडेल, यात आईची चूक होणार नाही. त्या मुलीला शिकायचं असेल तर तिने त्या क्षणी गॅसपाशी असायला हवं. मादामचंही तेच. त्यांच्याकडून काही शिकायचं असेल तर त्यांच्याबरोबर एखादं काम करा. बाजार करा, काहीतरी तळा, कुंड्यांची माती बदला, विजेच्या बिलाची तक्रार लिहायला बसा. तुम्ही शिकवा म्हटलंत की त्या सावध, पुस्तकी, हळू बोलणार. कामाला लागल्या की खऱ्या बोलणार.

वहीबद्दल थोडं. 'तोंबे दाँ ले पॉम', म्हणजे सफरचंदांत पडणं, म्हणजे चक्कर येऊन कोसळणं. 'पोझे अँ लापँ', ससा ठेवणं, म्हणजे भेटायचं ठरवून न उगवणं. दोन्ही खरे, आजही बोलले जाणारे वाक्प्रचार आहेत. पण तुम्हाला दर आठवड्याला चक्कर येते का? अशा गमतीदार गोष्टी इन्स्टाग्रामवर चालतात कारण त्यांचं चित्र काढता येतं. ज्यांचं चित्र निघत नाही ते शब्द त्या वहीत नसणार, आणि मादामच्या तोंडी दर मिनिटाला तेच असणार: 'बेन', 'बों', 'आँफँ', 'व्वाला', 'काँ मेम'. शिवाय जे शब्द तुम्हाला येतात तेसुद्धा बोलताना आक्रसतात. पुस्तकातलं 'झ न से पा', मला माहीत नाही, रस्त्यावर 'शे पा' होतं, 'इल्या'चं नुसतं 'या' उरतं, 'त्यु आ'चं 'ता', 'झ स्वी'चं 'श्वी'. नकारातला 'न' तर बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झालाय, आणि 'आम्ही'साठी तुम्ही घोकलेल्या 'नू'च्या जागी सगळे 'ओं' म्हणतात. तुम्हाला ९४ मिळाले ते लिहायच्या फ्रेंचमध्ये. रस्त्यावरच्या, असल्या आक्रसलेल्या फ्रेंचचा पेपर कोणी घेतलाच नव्हता.

बेकरीवालीने काय विचारलं असेल ते मी पुण्यात बसून सांगते: 'एआवेक सेसी?' आणखी काय देऊ, एवढंच. 'स स्रा तू' म्हणायचं, बस एवढंच, आणि पैसे द्यायचे. पावासाठी साधा 'बागेत', म्हणजे रोजचा लांब पाव, न मागता 'यून त्रादिसियों' मागा. १९९३ च्या सरकारी आदेशाप्रमाणे या नावाने विकायच्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यापलीकडची रसायनं चालत नाहीत, आणि तो गोठवलेला नसतो. त्यावर ती 'ब्यँ क्वीत?' असं विचारेल, म्हणजे चांगला खरपूस हवा का. हे दोन प्रश्न कानात बसले की बेकरी जिंकली.

आता बाजार. तुमच्याच चढाच्या माथ्यावर, क्रवा-रूसच्या बुलव्हारवर, सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. मादामना विचारा, 'तुमच्याबरोबर येऊ का? पिशवी मी धरते.' कोणतीही ल्योंकर बाई याला नाही म्हणणार नाही, कारण कोणत्या ठेल्यावर काय घ्यावं याबद्दल प्रत्येकीचं ठाम मत असतं आणि ते ऐकायला माणूस मिळत नाही. पहिल्या खेपेला तुम्ही फक्त पिशवी धरायची आणि कान उघडे ठेवायचे. चीजवाल्यापाशी सरळ रांग दिसणार नाही, पण कोणाच्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. तो म्हणेल, 'से ता की?' कोणाचा नंबर? मादाम म्हणतील, 'से ता म्वा', आणि लगेच, मागणी सांगायच्या आधी, 'बोंजूर मस्य'. मग तो, 'केस क झ वू मे?' काय देऊ? त्यांनी सँ-मार्सेलँ मागितलं, म्हणजे तळहातावर मावणारी ती मऊ गोल चकती, की तो विचारणार, 'से पूर काँ?' कधी खायचंय? आज दुपारी, आज रात्री की उद्या? उत्तराप्रमाणे तो अंगठ्याने हलकेच दाबून वेगवेगळी चकती उचलेल. दुपारसाठी वाहायला आलेली, उद्यासाठी जरा घट्ट. या चार वाक्यांत ल्योंचं खाण्याशी नातं काय ते दिसतं, आणि त्यातलं एकही वाक्य तुमच्या वहीत नाही.

बोंजूरकडे नीट लक्ष द्या. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये अनोळखी लोकांना उद्देशूनही. 'प्लीज' कितीही गोड म्हटलंत तरी आधी बोंजूर नसेल तर तुम्ही उद्धट. काही दुकानदार तर तुमच्या प्रश्नाला उत्तर न देता जरा ठासून 'बोंजूर!' म्हणतात. ती शिकवणी असते, फुकटातली. त्याच दिवशी पुन्हा त्याच माणसाकडे गेलात तर 'रबोंजूर'. रस्त्यात कोणाला काही विचारायचं असेल तर 'एक्स्क्युझे म्वा द वू देराँझे' हे वाक्य पाठ करून ठेवा: तुम्हाला त्रास देतेय, माफ करा. एवढं लांबलचक वाक्य नीट म्हणणाऱ्या माणसाला फ्रेंच माणूस क्वचितच झिडकारतो.

तेच 'काँ मेम'. हा शब्द अर्थ विचारून कधीच कळणार नाही. मादाम ॲस्परॅगसच्या जुडीचा भाव बघून पुटपुटतील, 'से शेर, काँ मेम'. महाग आहे हो जरा. फुलवाल्याकडे हवी ती फुलं नसतील तर निघताना, 'मेर्सी काँ मेम'. नाहीत तर नाहीत, तरी आभार. आणि कोणी मध्ये घुसलं, की भुवया कपाळात नेऊन, 'नों मे काँ मेम!' हे सगळं एका सकाळी, एका पिशवीच्या अंतरावर. घरी आल्यावर वही काढा हवी तर. पण शब्दासमोर अर्थ लिहू नका. कोण, कोणाला, कशावरून म्हणालं आणि चेहरा कसा होता, तेवढं लिहा.

मादामना प्रश्न विचारायचाच असेल तर 'याचा अर्थ काय' हा सोडून द्या. विचारा, 'सा, वू ल दिरिये आ की?' हे तुम्ही कोणाला म्हणाल? याचं उत्तर त्यांना एका क्षणात देता येईल आणि द्यायला आवडेलही. 'श्वी क्रेव्हे', दमून मेले, हे मैत्रिणीला म्हणाल? म्हणेन की. डॉक्टरला? चालेल. घराच्या कागदपत्रांसाठी नोटेअरकडे गेल्यावर? नों! झालं, शब्दाची पायरी कळली. 'उगम काय'पेक्षा हे दहापट कामाचं आहे. नातवंडं अक्षरं उलटीपालटी करून बोलतात ती भाषा, म्हणजे 'फाम'चं 'मफ', 'लूर'चं 'रलू', ऐकून समजली पाहिजे. पण सत्तरीच्या बाईसमोर वापरून दाखवू नका. आणि तुमच्या वयाची माणसं प्रत्येक वाक्याला चिकटवतात तो 'द्यू कू', म्हणजे 'त्यामुळे', मादामना खटकत असेल तर नवल नाही. त्याच्या उधळपट्टीवर फ्रेंच अकादमीनेही नाक मुरडलंय. सांगून काही उपयोग झालेला नाही, तो भाग वेगळा.

करंज्यांचं दुःख तुम्ही एका ओळीत आटोपलंत, पण पत्रात खरा सल तोच दिसतो. 'से पा मोवे', वाईट नाही. बाई, ही दाद होती! त्या पिढीचा फ्रेंच माणूस कौतुकसुद्धा नकारातून करतो. छान झालंय म्हणायचं तर 'पा माल'. कल्पना हुशारीची असेल तर 'से पा बेत', मूर्खपणाची नाही. महाग असेल तर 'से पा दोने', फुकट दिलेलं नाही. हुडहुडी भरली तरी 'इल फे पा शो', गरम नाहीये. म्हणून त्या काय म्हणाल्या हे सोडा, 'वाईट नाहीत' म्हणत म्हणत दुसरी करंजी उचलली का, ते आठवा. उचलली असेल तर तुम्ही पास.

दोन सापळे मात्र ओळखून ठेवा. 'पा तेरीब्ल' म्हणजे खरोखरच बरं नाही. बोलण्यात 'तेरीब्ल' म्हणजे झकास, म्हणून इथे नकाराचा अर्थ सरळ आहे. आणि एखादा पदार्थ तोंडात घेऊन, जरा थांबून, 'से स्पेस्याल' म्हटलं, तर डबा गुपचूप परत घ्या. 'वेगळं आहे हं' यापुढे सभ्य माणसाला जाता येत नाही. लोणचं देणार असाल तर हा शब्द ऐकायची तयारी ठेवा.

आता तो शनिवार. आपेरो म्हणजे जेवणाआधीचं पेय आणि तोंडात टाकायला काहीबाही. जेवण नाही. जेवायला बोलावलं असतं तर मादाम स्पष्ट 'वने दिने' म्हणाल्या असत्या. मधला एक प्रकार असतो, 'आपेरो दिनात्वार', त्यात इतके पदार्थ असतात की जेवण उरकतं. पण तसं आधी सांगतात. आणि वेळ! घरी बोलावताना सात म्हणजे सात दहा, सव्वासात. दहा मिनिटं उशीर ही यजमानाला दिलेली सवलत आहे. पंधरा मिनिटं लवकर जाणं म्हणजे बाईला ओल्या केसांनी दार उघडायला लावणं. (ऑफिस, डॉक्टर, आगगाडी यांना ही सवलत लागू नाही.) हात हलवत जाऊ नका. वाइन, चॉकलेट, फुलं, काहीही चालतं, फक्त शेवंती नको. ती १ नोव्हेंबरच्या आसपास कबरींवर वाहतात, त्यामुळे दारात शेवंतीचा गुच्छ बघून मादामच्या चेहऱ्यावर काय येईल ते विचारू नका. मी तर म्हणते चिवडा न्या. आपेरोला बसून, गप्पा मारत, चिमटी चिमटीने खायला याहून योग्य पदार्थ फ्रेंचांनाही सुचलेला नाही.

आणि ते मांड्यांवरचे हात. 'बों' हा निरोप होता. पूर्ण वाक्य असतं, 'बों, से पा तू सा…', म्हणजे हे सगळं ठीक आहे, पण… पुढचं म्हणत नाहीत. खरं तर हे पाहुण्याने म्हणायचं असतं: 'बों, ओं वा वू लेसे', चला, निघतो आम्ही. दीड-दोन तास झाले की तुम्हीच म्हणा. त्यावर त्या 'आधीच?' म्हणतील. ते शिष्टाचाराचं आहे. पण 'रेस्ते मांजे, आ ला बॉन फ्राँकेत' म्हणाल्या, असेल ते चारचौघांत वाटून खाऊ, तर ते खरं आमंत्रण. तेव्हा बसा. याउलट जिन्यात भेटल्यावर कोणी 'इल फो कों स व्वा, अँ द से कात्र' म्हणालं, एखाद दिवशी भेटलं पाहिजे, तर डायरी काढू नका. वार आणि वेळ सांगेपर्यंत ते बोलावणं नसतं.

मला विचाराल तर शिकायची सगळ्यात चांगली जागा मादामचं स्वयंपाकघर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ईस्टरच्या उपासाआधी मार्दी ग्रा येतो, तेव्हा ल्योंमध्ये घरोघरी आणि दुकानोदुकानी 'ब्यून्य' तळतात. मैदा, अंडी, लोणी, साखर, थोडी लिंबाची किंवा संत्र्याची साल. लाटायचं, शंकरपाळ्यासारखं तिरकं कापायचं, मधे चीर पाडून एक टोक त्यातून ओढून घ्यायचं, तळायचं आणि वर पिठीसाखर भुरभुरवायची. कापायला लागतं ते नागमोडी चाक म्हणजे तुमचं करंजीचं कातणंच. ते घेऊन जा. पातळ कुरकुरीत ब्यून्य खरी की जाड मऊ, यावर या शहरात घराघरांत तट आहेत. मादाम कुठल्या बाजूच्या आहेत ते विचारा आणि मग अर्धा तास काही विचारू नका.

तिथे काय कानावर पडेल बघा. 'सा कॉल', चिकटतंय. 'आँकॉर अँ प्ती पे', अजून किंचित. 'दुसमाँ, दुसमाँ', हळू हळू. 'आताँसियों, सा ब्रूल!', सांभाळा, भाजेल! आणि प्रत्येक ब्यून्य तेलात सोडताना 'ओप!' यातलं काहीच समजावून सांगायला लागत नाही, कारण हात काय करतायत ते दिसत असतं. तुम्हीही 'ओप' म्हणत सोडा. कृती सांगताना मोबाइलवर रेकॉर्ड करू का, एवढं मात्र आधी विचारा. बहुधा हो म्हणतील. घरी त्यातला एकच मिनिट घेऊन पुन्हा पुन्हा ऐका, 'शे पा' आणि 'या' वेगवेगळे ऐकू येईपर्यंत. त्या बदल्यात पुढच्या गुरुवारी तुम्ही शंकरपाळे शिकवा, फ्रेंचमध्ये. तेव्हा खरी परीक्षा होते, कारण 'मोहन घालणे'ला काय म्हणायचं ते कोणत्याच पुस्तकात नाही आणि तुम्हाला हातवारे करून, आडवळणाने, गरम तेल पिठात ओततात असं सांगत पोचावं लागतं.

चुका सुधारत नाहीत म्हणता? सुधारतात हो, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही म्हणालात, 'झ स्वी आले आ ल मार्शे', मी बाजारात गेले होते. त्या म्हणाल्या, 'आ, वूझेत आले ओ मार्शे!' तुम्हाला वाटलं संवाद पुढे चाललाय. 'आ ल'च्या जागी आलेला 'ओ' हीच दुरुस्ती होती. भल्या घरची माणसं अशीच सुधारतात: तुमचंच वाक्य बरोबर करून परत देतात. ते उचला आणि लगेच वापरा, 'वी, ओ मार्शे, ए…' तीन-चारदा असं झालं की त्यांनाही कळेल, तुम्हाला ऐकू येतंय. याहून उघड दुरुस्ती हवी असेल तर एका गुरुवारी एकच गोष्ट मागा. आज फक्त 'ल' आणि 'ला', म्हणजे शब्दाचं लिंग, चुकलं तर थांबवा, बाकी जाऊ द्या. सगळंच सुधारा म्हणालात तर चहा थंड होईल आणि मैत्रीही.

क्लास की मादाम, हा प्रश्न त्यामुळे उरत नाही. क्रियापदाचं सबजंक्टिव्ह रूप कुठे का येतं हे मादामना विचारू नका, बिचाऱ्यांना शाळा सोडून साठ वर्षं झाली. ते काम क्लासचं. ल्योंमध्येही आलियाँस फ्राँसेज आहे. पैसे अडत असतील तर वस्तीतल्या सामाजिक केंद्रांत आणि 'एम-झी-से' म्हणतात त्या युवा-सांस्कृतिक केंद्रांत चौकशी करा. आणि रोज कानाला सवय म्हणून आर-एफ-आय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र लावा, भांडी घासताना.

राहिलं 'झी से पा'. पुस्तकही बरोबर, मादामही बरोबर. 'ते मला माहीत नाही'साठी पुस्तक 'झ ल से पा' सांगतं. ल्यों आणि तिथून आल्प्सकडे साव्हुआ-दोफिनेपर्यंतच्या मुलखात त्या 'ल'च्या जागी 'ई' लावतात: 'झी से पा', 'झी फे', ते मी करते. माणसाबद्दल नाही, गोष्टीबद्दलच. हे अडाणीपणाचं नाही, त्या भागाचं आहे. मात्यू आवाँझी नावाच्या भाषातज्ज्ञांनी फ्रान्समध्ये कुठे काय बोलतात याचे नकाशे केलेत, त्यांत असल्या लकबी मांडलेल्या आहेत. परीक्षेत लिहू नका, आणि देवाशपथ मादामना सुधारू नका. उलट असे आणखी शब्द मागा. पोरांना 'गॉन' म्हणतात, जत्रेला 'वोग' (शरदात तुमच्या क्रवा-रूसवरच चेस्टनटची वोग भरते), इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या बोळांना 'त्राबूल', जिन्यावरून गडगडत खाली येण्याला 'देबारूले'. रेशीम विणणाऱ्यांची वस्ती ती. तुमच्या घराचं छत एवढं उंच का, तर उभा जाकार माग मावावा म्हणून. हीटिंगचं बिल आलं की नवऱ्याला हे सांगा. हे सगळं मादामना तुमच्यापेक्षा जास्त सांगायचंय. तुम्ही फक्त सशाचा उगम विचारत बसला होतात.

देणंघेणं दोन्ही बाजूंनी असू द्या. पैसे पुढे करू नका, अपमान होईल. पिशवी वर न्या, औषधं आणा, चिवडा पोचवा. त्यांना कुरकुर करू द्या, त्याला 'राले' म्हणतात आणि तो तिथला गप्पांचा मुख्य पदार्थ आहे: खोदलेला रस्ता, बदललेला बसमार्ग, नवा बेकरीवाला. तुम्हीही थोडी करा, हवेपासून सुरुवात करा. फार गोड, सारखी समाधानी माणसं त्यांना कंटाळवाणी वाटतात. पेन्शन किती, मुलं का येत नाहीत, हे मात्र चुकूनही नाही. डिसेंबरची ८ तारीख जवळ आली की विचारा, खिडकीत दिवे लावता का. १८५२ मध्ये फुर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीची मूर्ती बसवली त्या रात्री ल्योंकरांनी खिडक्यांत दिवे लावले, आणि जुनी घरं अजून लावतात. खाली शहरात आता त्याचा केवढा तरी रोषणाईचा उत्सव झालाय आणि गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, त्यावर मादाम तुम्हाला भरपूर राले करून दाखवतील. दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या घेऊन जा, वाती वळायला शिकवा.

आणि 'वू', म्हणजे आदराचं 'तुम्ही', सोडू नका. 'ओं प स त्युत्वाये?', एकमेकींना 'त्यु', म्हणजे 'तू', म्हणू या का, हे विचारायचा मान वयाने मोठ्या माणसाचा. काही शेजारणी वीस वर्षं एकमेकींना नावाने हाक मारून 'वू'च म्हणतात आणि त्यात दुरावा अजिबात नसतो. त्यांनी 'त्यु' सुरू केलं तर मात्र परत 'वू'वर जाऊ नका, ते लागतं.

ता. क. गालाचं. तिथे बहुतेक ठिकाणी दोन वेळा, दक्षिणेकडे द्रोम, मोंपेलियेच्या बाजूला तीन. कुठला गाल आधी यावर एकमत नाही. ओठ टेकवायचे नसतात, गालाला गाल आणि हवेत आवाज. करोनानंतर बऱ्याच वयस्क मंडळींनी सोडून दिलंय, तेव्हा पुढाकार मादामचा. त्या किंचित पुढे झुकल्या तर तुम्ही झुका. नवऱ्याला सांगा, हात पुढे करून 'बोंजूर मादाम' म्हटलं तरी पुरतं, फक्त चष्मा सांभाळ.